कालवं निरोगी, खाणारा आजारी

२७ डिसेंबर २०२३ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, आर्काशाँच्या खाडीत पिकणारी कालवं विकायला प्रशासनाने बंदी घातली. तारीख महत्त्वाची आहे. नाताळ ते नववर्ष हा आठवडा म्हणजे फ्रान्समध्ये कालवांचा हंगाम. आपल्याकडे दिवाळीत फराळ असतो तशी तिथे या दिवसांत कालवं असतात; वर्षभराच्या विक्रीतली जवळपास निम्मी विक्री याच सुमारास होते. बर्फावर मांडलेली, वर लिंबू पिळलेली आणि कच्ची. नाताळच्या जेवणानंतर उलट्या-जुलाबांच्या तक्रारी येऊ लागल्या, कालवं तपासली गेली आणि त्यांच्यात नोरोव्हायरस हा विषाणू सापडला. बंदी सुमारे तीन आठवडे राहिली. म्हणजे हंगाम गेला.

या बातमीतली एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. त्या खाडीतली कालवं आजारी नव्हती. ती ताजी होती, घट्ट मिटलेली होती, चांगली पोसलेली होती. त्यांना शेतात (हो, तिथे कालवांची शेतीच असते) कुठलीही बाधा झाली नव्हती. नोरोव्हायरस हा माणसाचा विषाणू आहे. तो माणसाच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाण्यावाटे कालवापर्यंत पोचतो. कालवाच्या शरीरात तो वाढत नाही, त्याला इजाही करत नाही, नुसता बसून राहतो. त्या वर्षी शरद ऋतूत त्या भागात प्रचंड पाऊस झाला होता आणि सांडपाण्याच्या वाहिन्या ओसंडल्या होत्या. म्हणजे गावातल्या माणसांनी जे पाण्यात सोडलं, तेच काही आठवड्यांनी बशीत परत आलं.

असं का होतं, आणि कालवांच्या बाबतीतच इतकं का होतं, याचा शोध घेणाऱ्यांत एक नाव ठळक आहे: फ्रान्स्वाज ल गुयादेर. फ्रान्सच्या सागरी संशोधन संस्थेत, म्हणजे इफ्रेमेरमध्ये, नान्त शहरात त्यांनी वर्षानुवर्षं याच एका प्रश्नावर काम केलं आहे. पाण्यातले विषाणू आणि शिंपल्यांतले जीव यांचं नातं हा त्यांचा विषय. त्यांच्या कामाबद्दल मराठी वाचकाला सांगावंसं वाटतं त्याचं कारण असं की, वरवर पाहता हा परक्या देशातल्या चैनीच्या पदार्थाचा प्रश्न वाटतो; प्रत्यक्षात तो सांडपाण्याचा प्रश्न आहे, आणि सांडपाणी आपल्याकडेही आहे.

आधी कालव जेवतं कसं ते पाहू. कालवं, तिसऱ्या, शिनाणे हे दोन शिंपल्यांचे जीव भक्ष्याच्या मागे धावत नाहीत. ते पाणी आत ओढतात, कल्ल्यांमधून गाळतात, त्यातले सूक्ष्म शेवाळाचे कण पोटाकडे पाठवतात आणि पाणी बाहेर टाकतात. एक मोठं कालव तासाला काही लिटर पाणी सहज गाळतं. परिस्थिती अनुकूल असेल तर दिवसाला शंभर लिटरच्याही पुढे जातं. हे काम ते अहोरात्र करत असतं. पाणी गढूळ असो की निवळ, त्याला निवड नसते. विषाणू मुळात इतका बारीक असतो की एकटा असता तर कदाचित कल्ल्यांतून निसटलाही असता; पण सांडपाण्यात तो गाळाच्या आणि मळाच्या कणांना चिकटून प्रवास करतो, आणि ते कण नेमके कालवाच्या खाण्याच्या मापाचे असतात. त्यामुळे आजूबाजूच्या पाण्यात विषाणू विरळ असले तरी कालवाच्या पोटात ते साठत जातात.

इथे नोरोव्हायरसचा स्वभावही त्याच्या पथ्यावर पडतो. आजार जोरात असताना रुग्णाच्या एक ग्रॅम विष्ठेत या विषाणूचे अब्जावधी कण असू शकतात. रुग्ण दोन-तीन दिवसांत बरा होतो, कामाला लागतो. पण विषाणू पुढे काही आठवडे त्याच्या विष्ठेतून बाहेर पडत राहतो. दुसऱ्या माणसाला आजारी पाडायला मात्र मोजके कण पुरतात. हिवाळ्यात युरोपात या आजाराची साथच असते. एका गावात पाच-पन्नास घरं एकाच वेळी आजारी असतील, तर त्या गावाच्या गटारातून काय वाहत असेल याचा हिशेब करायला गणितज्ञ लागत नाही.

शिंपल्यांतल्या जीवांमुळे माणसं आजारी पडतात हे जुनंच ज्ञान आहे. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या दोन शहरांत महापौरांच्या मेजवान्या झाल्या. दोन्हीकडे एम्सवर्थ या गावची कालवं वाढली गेली. पाठोपाठ टायफॉइडची साथ आली. विंचेस्टरच्या कॅथीड्रलचे प्रमुख धर्मगुरूसुद्धा त्यात दगावले. एम्सवर्थची गटारं कालवांच्या वाफ्यांजवळच समुद्राला मिळत होती. अमेरिकेतही १९२४-२५ च्या हिवाळ्यात कालवांतून टायफॉइड पसरला, सुमारे दीड हजार माणसं आजारी पडली आणि दीडशेच्या आसपास गेली. त्यानंतर तिथे शिंपल्यांच्या जीवांसाठी राष्ट्रीय स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला.

या साऱ्या अनुभवातून जे नियम तयार झाले, ते जिवाणूंना समोर ठेवून तयार झाले. आजही युरोपात पाण्याची प्रतवारी ई-कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या मोजणीवरून होते. शिंपल्यातल्या १०० ग्रॅम गरात आणि पाण्यात ई-कोलायचं प्रमाण २३० किंवा त्याहून कमी असेल तर ते क्षेत्र पहिल्या प्रतीचं. तिथली कालवं थेट विकता येतात. प्रमाण त्याहून जास्त असेल तर कालवं स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या पाण्याच्या टाक्यांत ठेवायची. ती पाणी गाळत राहतात आणि पोटातली घाण आपली आपण बाहेर टाकतात. ब्रिटनमध्ये यासाठी किमान ४२ तासांची अट असते. टायफॉइडच्या आणि ई-कोलायच्या बाबतीत ही युक्ती उत्तम चालते. टायफॉइडला त्या देशांतल्या कालवांतून हद्दपार करण्यात तिचा वाटा मोठा आहे.

पण विषाणू तिला दाद देत नाही. दोन दिवस टाकीत ठेवलेल्या कालवात ई-कोलाय नावालाही उरत नाही, चाचणी निर्दोष येते, प्रमाणपत्र मिळतं, आणि नोरोव्हायरस जिथल्या तिथे असतो. तो आठवडेच्या आठवडे राहतो. ब्रिटनमध्ये २००९ ते २०११ या काळात कालवांच्या शेतांतून नियमित नमुने घेऊन तपासले गेले, तेव्हा ७६ टक्के नमुन्यांत नोरोव्हायरसच्या खुणा आढळल्या. बहुतेकांत प्रमाण कमी होतं हे खरं. पण जी चाचणी आपण सुरक्षिततेची खूण मानत होतो ती या विषाणूबद्दल काहीच सांगत नव्हती.

कालव म्हणजे नुसती चाळणी असेल, तर चाळणीत अडकलेलं सगळं धुतल्यावर सारख्याच वेगाने निघून जायला हवं. जिवाणू निघून जातो आणि विषाणू राहतो, याचा अर्थ विषाणू अडकलेला नाही, त्याला कुणीतरी धरून ठेवलं आहे. ल गुयादेर यांच्या कामाचं मर्म इथे आहे. नान्तमध्येच जाक ल पांद्यू हे संशोधक रक्तगटांच्या साखरांवर काम करत होते. रक्तगट म्हटलं की आपल्याला रक्त आठवतं. पण ए, बी, ओ हे गट ठरवणाऱ्या साखरेच्या साखळ्या फक्त तांबड्या पेशींवर नसतात. आपल्या लाळेत असतात, आतड्याच्या अस्तरावरही असतात. नोरोव्हायरस आतड्यात शिरताना याच साखळ्यांना पकडतो. कुलपाला किल्ली लागावी तसा तो तिथे बसतो.

ल गुयादेर, ल पांद्यू आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी कालवाच्या पचनसंस्थेच्या पातळ चकत्या घेतल्या आणि त्यांवर नोरोव्हायरसची पोकळ कवचं सोडली. अशी कवचं प्रयोगशाळेत बनवता येतात. बाहेरून हुबेहूब विषाणू, आत जनुकीय द्रव्य नाही, त्यामुळे धोका नाही. ती कवचं कालवाच्या पचनग्रंथीला नेमकी जाऊन चिकटली. ज्यांच्यात मुद्दाम बदल करून साखर पकडण्याची क्षमता काढून घेतली होती, ती चिकटली नाहीत. माणसाच्या लाळेतल्या रक्तगटाच्या साखरेशी आधीच गाठ घालून दिली, तर कवचांची पकड सुटत होती. निष्कर्ष असा की, कालवाच्या पोटात माणसाच्या ए रक्तगटाच्या साखरेशी मिळतीजुळती साखर आहे आणि विषाणू तिलाच धरून बसतो. हा निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

डॉक्टर म्हणून मला हा शोध विलक्षण वाटतो. माणूस आणि कालव यांचे पूर्वज पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. एकाला पाठीचा कणा मिळाला, दुसऱ्याला शिंपला. तरीही आतड्याच्या अस्तरावरची एक साखर दोघांत इतकी सारखी निघावी की माणसाच्या विषाणूला कालवाचं पोट ओळखीचं वाटावं! कालव त्याला खायला देत नाही, वाढू देत नाही, पण उतरायला जागा देतं. आणि मग कुणीतरी ते कालव कच्चं गिळतं, तेव्हा विषाणू त्याच्या हक्काच्या घरी पोचतो.

याच साखरेमुळे माणसांतही फरक पडतो. युरोपातल्या साधारण वीस टक्के लोकांत एका जनुकातल्या बदलामुळे ही साखर लाळेत आणि आतड्यात तयारच होत नाही. नोरोव्हायरसच्या बऱ्याच जाती अशा लोकांचं काही बिघडवू शकत नाहीत. एकाच ताटातली कालवं खाऊन पाच जण आडवे होतात आणि सहावा टुणटुणीत राहतो, तेव्हा तो ‘मी चांगलं पचवतो’ असं सांगत फिरतो. श्रेय बहुधा त्याच्या पचनशक्तीचं नसतं.

नंतरच्या वर्षांत याच गटाने आणखी तपशील जमवले. नोरोव्हायरसच्या सगळ्या जाती कालवात सारख्या साठत नाहीत. माणसामाणसांत जी जात सर्वांत जास्त पसरते ती कालवात तितकीशी टिकत नाही. उलट पहिल्या गटातली, नॉरवॉक विषाणूच्या कुळातली जात फार चांगली साठते. कालवांमुळे होणाऱ्या साथींमध्ये या गटाचे विषाणू एरवीपेक्षा जास्त का सापडतात, याचं उत्तर त्यातून मिळालं. शिवाय कालवाच्या पोटातली ही पकड वर्षभर सारखी नसते. हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात ती वाढते. म्हणजे माणसांत साथ, पाऊसपाणी, ओसंडणारी गटारं आणि कालवाची घट्ट पकड हे सगळं एकाच सुमारास जुळून येतं.

या विषाणूचा माग काढणं सोपं नाही. कालवाचं सगळं मांस वाटून तपासलं तर विषाणू हाती लागत नाही, म्हणून फक्त पचनग्रंथी कापून घ्यावी लागते. करोनामुळे घरोघरी माहीत झालेली पीसीआर चाचणी इथेही वापरतात. पण पीसीआर विषाणूचं जनुकीय द्रव्य आहे की नाही एवढंच सांगते; विषाणू जिवंत, म्हणजे आजार करण्याजोगा आहे का, हे सांगत नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत झालेल्या साथीतून आल्बर्ट कपिकियन यांनी १९७२ मध्ये हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. पण माणसाच्या आतड्याच्या पेशींपासून तयार केलेल्या नमुन्यांत तो वाढवता यायला २०१६ उजाडलं. म्हणूनच कालवात नोरोव्हायरसची अमुक एवढी मर्यादा चालेल असं कायद्यात लिहिणं सरकारांना अवघड जातं. खूण सापडली म्हणून शेतकऱ्याचा माल फेकायचा, की तो मेलेल्या विषाणूचा अवशेष असेल असं धरून सोडून द्यायचा?

२००६ मध्येच फ्रान्समध्ये कालवांमुळे झालेल्या एका साथीचा अभ्यास ल गुयादेर यांच्या गटाने प्रसिद्ध केला आहे. रुग्णांच्या विष्ठेत एकटा नोरोव्हायरस नव्हता. रोटाव्हायरस होता, अ‍ॅस्ट्रोव्हायरस होता, एन्टेरोव्हायरस होता, आयची नावाचा फारसा न भेटणारा विषाणूही होता. एका आजारी माणसाकडून दुसऱ्याला लागण होते तेव्हा सहसा एकच विषाणू जातो. इतके सगळे एकदम सापडतात तेव्हा ते एका माणसाचे नसतात, सगळ्या गावाचे असतात. पुढे २०१९ च्या डिसेंबरपासून पुन्हा मोठी साथ झाली. कच्च्या शिंपल्यांतल्या जीवांशी संबंध असलेल्या घटनांत हजाराहून अधिक माणसं आजारी पडली आणि अनेक ठिकाणची कालवं-शेती बंद ठेवावी लागली.

कालवं पिकवणाऱ्याच्या बाजूने हे पाहिलं तर जास्त बोचतं. त्याच्या मागे दुसरा विषाणू लागलेलाच आहे, तो खास कालवांचा. २००८ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधली लहान कालवं प्रचंड संख्येने मरू लागली. कारण निघालं ते कालवांना होणाऱ्या नागीण कुळातल्या विषाणूचा एक नवा अवतार. समुद्राचं पाणी साधारण १६ अंशांच्या वर गेलं की तो उठतो. काही ठिकाणी निम्म्याहून अधिक पिल्लं काही दिवसांत मेली. पुढे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया इथेही तो पोचला. टास्मानियात २०१६ मध्ये त्याने धुमाकूळ घातला. २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिलं की हा विषाणू एकटा मारत नाही. तो आधी कालवाच्या रक्तपेशींवर हल्ला करून त्याची प्रतिकारशक्ती मोडतो, आणि मग एरवी निरुपद्रवी असलेले जिवाणू शेवटचा घाव घालतात. एड्सच्या रुग्णांना संधिसाधू संसर्ग कसे ग्रासतात हे पाहिलेल्या कोणाही डॉक्टरला हे वर्णन ओळखीचं वाटेल.

हा विषाणू माणसाला काहीही करत नाही. माणसाचा नोरोव्हायरस कालवाला काहीही करत नाही. उन्हाळ्यात कालवांचा रोग पीक मारतो, हिवाळ्यात माणसांचा रोग बाजार मारतो, आणि दोन्हींचं नुकसान एकाच शेतकऱ्याच्या पदरी पडतं. पहिल्यावर निदान जास्त टिकाव धरणाऱ्या वाणाची पैदास करता येते. दुसऱ्यावर त्याच्या हातात काही नाही; कारण गटार त्याचं नाही.

नोरोव्हायरस दोन दिवस हाल करतो आणि बहुतेकांना सोडून देतो, म्हणून ही चर्चा कुणाला फुगवलेली वाटेल. त्यांनी शांघाय आठवावं. १९८८ च्या जानेवारी ते मार्चदरम्यान त्या एका शहरात सुमारे तीन लाख लोकांना हेपॅटायटिस ए ही कावीळ झाली. रुग्णालयं पुरेनात, शाळा, कारखाने, हॉटेलं यांत खाटा टाकल्या गेल्या. कारण होत्या तिसऱ्यांसारख्या केसाळ शिंपल्यांच्या जीवांनी भरलेल्या टोपल्या, सांडपाण्याने दूषित झालेल्या किनाऱ्यावरून आलेल्या. ते शिजवायची तिथली रीत म्हणजे वरून उकळतं पाणी ओतायचं, शिंपला जरा उघडला की सॉसमध्ये बुडवून खायचा. आतला गर जेमतेम कोमट होत असे. विषाणूला तेवढ्याने काही होत नाही.

शांघायमधले बहुसंख्य रुग्ण २० ते ४० या वयातले होते, आणि ही बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हेपॅटायटिस ए लहानपणी झाला तर बहुधा कळतही नाही. थोडा ताप, थोडी मळमळ, आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती. मोठेपणी झाला तर महिना-दोन महिने अंथरूण, क्वचित यकृत निकामी होण्यापर्यंत मजल. ज्या पिढीचं बालपण अस्वच्छ पाण्यात गेलं ती सुरक्षित असते. पाणी सुधारलं की पुढची पिढी लहानपणी या विषाणूला भेटत नाही आणि तरुणपणी उघडी पडते. शांघाय त्या वळणावर होतं. आपल्याकडची शहरं आणि बरीच गावं आज त्याच वळणावर आहेत. केरळमध्ये २०२४ मध्ये या काविळीच्या साथी झाल्या त्या दूषित पाण्यामुळे, आणि त्यात मोठ्या माणसांची संख्या लक्षणीय होती. माझ्या पिढीतले डॉक्टर शिकत होते तेव्हा ‘ए’ हा मुलांचा आजार म्हणून शिकवला जाई. आता ते वाक्य तसंच्या तसं शिकवता येत नाही.

या काविळीचा आणखी एक त्रास म्हणजे तिचा उशीर. नोरोव्हायरस बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उलट्या आणतो, म्हणून माणसाला काल काय खाल्लं ते आठवतं. हेपॅटायटिस ए साधारण महिन्याने उगवतो. महिन्यापूर्वी खाल्लेल्या तिसऱ्या रुग्णही विसरलेला असतो आणि डॉक्टरही विचारत नाही. शिंपल्यांमुळे होणारी कावीळ आपल्या केसपेपरवर फारशी दिसत नाही, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

कोकणात आणि गोव्यात कालवं, तिसऱ्या, शिनाणे कुणी कच्चे खात नाही, हे आपलं मोठं संरक्षण आहे. मसाल्यात उकळलेलं कालवण विषाणूला सोसवत नाही. सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी कालवं आणि शिनाणे यांची शेतीही सुरू केली आहे. बायकांच्या हाती पैसा देणारा, समुद्राला न ओरबाडणारा हा उद्योग वाढावा असं मनापासून वाटतं. पण आर्काशाँचा धडा त्याच्याशी थेट जोडलेला आहे. खाडीच्या वरच्या अंगाला नवी हॉटेलं, नव्या वसाहती उभ्या राहतील तेव्हा त्यांच्या शौचालयांचं पाणी कुठे जाणार, हा प्रश्न परवानगीच्या वेळीच विचारायला हवा. कालवांच्या दोऱ्या पाण्यात सोडल्यानंतर तो विचारून उपयोग नाही. आणि पाणी तपासताना ई-कोलायवर थांबून चालणार नाही, हे तर नान्तच्या कामाने दाखवूनच दिलं आहे.

आता स्वयंपाकघराकडे. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात काही तास ठेवल्या की वाळू सोडतात. विषाणू सोडत नाहीत. लिंबू, व्हिनेगर, कोकम, मिरची यांतलं काहीही विषाणू मारत नाही. शिंपला उघडला म्हणजे आतलं शिजलं, हा समज सर्वांत धोक्याचा. शिंपला खूप आधी उघडतो. नोरोव्हायरस आणि हेपॅटायटिस ए यांच्यासाठी गराच्या आतपर्यंत ९० अंश उष्णता ९० सेकंद पोचावी लागते. एकशिपी करणाऱ्यांनी वाफ काढताना झाकण लवकर उचलू नये. तिसऱ्या विळीवर कापताना निघालेलं पाणी ओट्यावर, कोशिंबिरीच्या काकडीवर उडू देऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरला नोरोव्हायरस फारसा जुमानत नाही. परदेशी गेल्यावर, किंवा इथल्याच मोठ्या हॉटेलात, कच्ची कालवं पुढ्यात आली तर यकृताचा जुना आजार असणाऱ्यांनी ती साफ नाकारावीत. त्यांना विषाणूंखेरीज उबदार समुद्रातल्या एका जिवाणूपासूनही जिवाचा धोका असतो. हेपॅटायटिस ए ची लस उपलब्ध आहे. ती घ्यावी का, हे अशा रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं.

आणि तिसऱ्यांचं सुटलेलं पाणी, ज्यात खरी चव असते ते, बऱ्याच घरी गाळून बाजूला ठेवतात आणि कालवण उतरवताना वरून घालतात. ते आधीच घाला आणि खळखळून उकळू द्या.